झेड ड्राइव्ह सारखा तुटतोय? रिस्टार्ट मारण्याआधी हे तपासा

ऑफिसात "झेड ड्राइव्ह गेला" अशी हाक आली की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो: कॉम्प्युटर रिस्टार्ट. झेड ड्राइव्ह म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं शेअर केलेलं फोल्डर, आपल्या कॉम्प्युटरवर ड्राइव्हसारखं जोडलेलं. रिस्टार्टनंतर तो परत येतो, तक्रार मिटते आणि दुपारी पुन्हा तीच हाक येते. रिस्टार्टमध्ये केबलची लिंक, आयपी पत्ता (नेटवर्कवरचा मशीनचा क्रमांक), लॉगिन आणि शेअरची जोडणी हे सगळंच नव्याने होतं, म्हणून तो परत येतो. पण यातलं नेमकं काय तुटलं होतं, त्याचा मागमूसही राहत नाही. म्हणून दोष सापडेपर्यंत रिस्टार्टला हात लावू नका.

हा लेख पाच ते वीस कॉम्प्युटरच्या ऑफिससाठी आहे: सीएचं ऑफिस, पतसंस्थेची शाखा, शाळेचं कार्यालय, छोटा कारखाना. कोपऱ्यातल्या एका मशीनला सगळे "सर्व्हर" म्हणतात, त्यावर टॅली आणि शेअर केलेले फोल्डर असतात, आणि पगारी आयटीवाला कुणी नसतो. सगळीकडे विंडोज १० किंवा ११ आहे असं धरलं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करा. जागा सोडलेली आहे तिथेच सोडा.

१. सुरू करण्याआधी हाताशी हे ठेवा

- सर्व्हरचं नाव, त्याचा आयपी पत्ता आणि शेअरचा पूर्ण मार्ग (उदा. \\सर्व्हर\अकाउंट्स)
- सर्व्हरवरच्या अॅडमिन खात्याचा पासवर्ड
- दोन चांगल्या, तयार लॅन केबल (घरी क्रिम्प केलेल्या नकोत, कारखान्यातून आलेल्या घ्या)
- एक वही. तारीख, वेळ, कोणतं मशीन, पडद्यावर नेमका कोणता मजकूर
- आजचा बॅकअप, तोही दुसऱ्या डिस्कवर

बॅकअपची गोष्ट शेवटी लिहिली असली तरी करायची सगळ्यात आधी. हिशेबाचं सॉफ्टवेअर डेटा उघडा ठेवून बसलेलं असताना मधूनच जोडणी तुटली, की फाइल खराब होण्याची शक्यता असते. तपासणी करताना स्विच (सगळ्या लॅन केबल जिथे येऊन मिळतात तो डबा) बंद करावा लागेल, केबल काढाव्या लागतील. त्याआधी सगळ्यांना टॅलीतून बाहेर पडायला सांगा.

२. कधी आणि कुणाचा तुटतो, एवढं आधी लिहा

एक दिवस फक्त नोंद करा, काहीही दुरुस्त करू नका. हे कंटाळवाणं वाटेल, पण निम्मं काम इथेच होतं.

सगळ्यांचा एकाच वेळी तुटत असेल तर सर्व्हर, स्विच किंवा वीज. एकाच मशीनचा तुटत असेल तर त्याची केबल, लॅन कार्ड किंवा त्यावर साठवलेला पासवर्ड. फक्त सकाळी चालू केल्यावर लाल फुली दिसते आणि डबल क्लिक केलं की ड्राइव्ह उघडतो, तर तो लॉगिनच्या वेळेचा घोळ आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर तुटलेला सापडत असेल तर मशीनच्या झोपेचा (स्लीपचा) किंवा पंधरा मिनिटांच्या नियमाचा, दोन्ही पायरी ६ मध्ये आहेत. विंडोजच्या अपडेटनंतर कायमचा गेला असेल तर सरळ पायरी ९ वर जा.

३. दोन पिंग एकाच वेळी चालवा

पिंग म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारून उत्तर येतं का ते पाहणारी कमांड. ज्या मशीनचा ड्राइव्ह तुटतो तिथे कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. पहिलीत राउटरचा पत्ता, दुसरीत सर्व्हरचा:

पिंग -टी १९२.१६८.१.१
पिंग -टी १९२.१६८.१.१०

(पत्ते तुमच्या ऑफिसचे घाला.) दोन्ही चालू ठेवा आणि ड्राइव्ह तुटायची वाट पाहा.

दोन्ही एकदम थांबले तर दोष या मशीनपासून स्विचपर्यंतच्या वाटेत आहे. फक्त सर्व्हरचा थांबला तर सर्व्हर किंवा त्याची केबल. दोन्ही सुरळीत चालू आहेत आणि तरीही ड्राइव्ह गेला, तर केबलवाल्याला बोलावून उपयोग नाही, दोष लॉगिन, पासवर्ड किंवा शेअरिंगमध्ये आहे.

पिंग वाचताना एक फसगत नेहमी होते. "रिप्लाय फ्रॉम" अशी ओळ दिसली की लोक निश्चिंत होतात. पण पुढे "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" लिहिलं असेल आणि पत्ता तुमच्याच मशीनचा असेल, तर सर्व्हरपर्यंत काहीही पोहोचलेलं नाही, तुमचंच मशीन तुम्हाला उत्तर देतंय. गंमत म्हणजे शेवटच्या आकडेवारीत विंडोज हे "मिळालेलं उत्तर" म्हणून मोजतं आणि शून्य टक्के नुकसान दाखवतं. तेव्हा आकडेवारीवर न जाता ओळी वाचा.

सर्व्हरचं फायरवॉल पिंग अडवत असेल तर पॉवरशेलमध्ये "टेस्ट-नेटकनेक्शन सर्व्हर -पोर्ट ४४५" द्या. विंडोजचं फाइल शेअरिंग याच ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतं. उत्तरात "टीसीपीटेस्टसक्सीडेड" समोर "ट्रू" आलं पाहिजे.

४. केबल, स्विच आणि यूपीएस

दोन्ही पिंग थांबत असतील तर आधी केबल बदलून पाहा, दुरुस्त करत बसू नका. टोकाची प्लास्टिकची क्लिप मोडलेली असेल तर केबल पोर्टमध्ये सैल बसते आणि टेबलाला धक्का लागला तरी लिंक जाते. खुर्चीच्या चाकाखाली चेपलेली, फॉल्स सीलिंगमध्ये उंदराने कुरतडलेली, पंख्याच्या किंवा एसीच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेलेली केबलही हेच करते. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर आहे. मधे जोड देऊन वाढवलेली केबल असेल तर तो जोडच संशयित समजा.

अर्धवट तुटलेली केबल ओळखायची एक सोपी खूण आहे. गिगाबिट वेगाला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. सेटिंग्जमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड पाहा. स्विच आणि कार्ड दोन्ही गिगाबिटचे असताना तिथे १०० दिसत असेल, तर एखादी जोडी गेलेली आहे. आज फक्त हळू चालतंय, उद्या तुटेल.

स्विचकडे बघताना दोन गोष्टी. एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून त्याच स्विचमध्ये खोचलेली नाहीत ना? साफसफाईनंतर लोंबणारं टोक कुणीतरी "नीट लावून" देतं आणि साध्या स्विचवर नेटवर्कमध्ये चक्र तयार होऊन सगळं ऑफिस ठप्प होतं, सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात. दुसरी गोष्ट विजेची. कॉम्प्युटर आणि सर्व्हर यूपीएसवर असतात, पण भिंतीवरचा स्विच साध्या प्लगवर असतो. वीज क्षणभर गेली की पडदे चालूच राहतात, म्हणून वीज गेल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. स्विच मात्र बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि सगळ्यांचे ड्राइव्ह एकदम तुटतात. स्विच आणि राउटर यूपीएसवर घ्या. छोट्या स्विचला वीज इतकी कमी लागते की बॅकअपच्या वेळेवर फारसा फरक पडत नाही.

वाय-फायबद्दल थोडक्यात: फाइल उघडून वाचायला चालेल, हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवायला नको. आणि लॅपटॉप चुकून "गेस्ट" नेटवर्कला जोडलेला असेल तर सर्व्हर दिसणारच नाही, कारण बहुतेक राउटर गेस्टला आतल्या मशीनपासून वेगळं ठेवतात.

५. सर्व्हरचा पत्ता पक्का करा

राउटर पत्ते वाटतो आणि सर्व्हरलाही असाच वाटलेला पत्ता मिळतो. राउटर बंद-चालू झाला की उद्या त्याला वेगळा पत्ता मिळू शकतो. ड्राइव्ह जर आयपी पत्त्याने मॅप केलेला (जोडलेला) असेल तर तो गेला. उपाय राउटरमध्येच करा: डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) रिझर्वेशनमध्ये सर्व्हरच्या लॅन कार्डाच्या मॅक पत्त्यासमोर (कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासमोर) आयपी कायमचा राखून ठेवा. सर्व्हरवर हाताने पत्ता टाकायचाच असेल तर तो राउटरच्या वाटपाच्या पल्ल्याबाहेरचा घ्या. नाहीतर तोच पत्ता एखाद्या मोबाइलला किंवा प्रिंटरला मिळतो आणि दोघांच्या भांडणात ड्राइव्ह अधूनमधून जातो. हा दोष शोधायला फार त्रासदायक, कारण तो मोबाइल ऑफिसात आल्यावरच होतो.

शक्यतो ड्राइव्ह नावाने मॅप करा. पण एकाच मशीनवर एक ड्राइव्ह नावाने आणि दुसरा पत्त्याने अशी सरमिसळ नको.

६. झोप आणि पंधरा मिनिटांचा नियम

सर्व्हर म्हणून साधा डेस्कटॉप वापरत असाल तर त्याच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर" करा. हे सांगायची गरज नसावी, पण सुट्टीनंतर तुटणाऱ्या ड्राइव्हमागे बरेचदा एवढंच असतं.

मग लॅन कार्ड. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अॅडॅप्टर्स, कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" या अर्थाच्या ओळीसमोरची खूण काढा. शेजारच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये "एनर्जी एफिशियंट इथरनेट" किंवा "ग्रीन इथरनेट" असेल तर तेही बंद करा. जुन्या स्विचबरोबर यांचं पटत नाही. हे सर्व्हरवर आणि तक्रार असलेल्या मशीनवर, दोन्हीकडे करा.

आता पंधरा मिनिटांचा नियम. विंडोजमध्ये शेअर देणारं मशीन १५ मिनिटं काही हालचाल नसलेली जोडणी आपणहून सोडून देतं. हा बिघाड नाही, साधनं वाचवण्यासाठी मुद्दाम ठेवलेली व्यवस्था आहे. ड्राइव्हवर लाल फुली दिसते, पण डबल क्लिक केलं की तो लगेच उघडतो. एक्सेल-वर्डवाल्यांनी याकडे दुर्लक्ष करावं. त्रास होतो तो जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरला. ते पुन्हा जोडून घेण्याची वाट न बघता थेट एरर देतं.

असं सॉफ्टवेअर असेल तरच सर्व्हरवर, अॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे द्या:

नेट कॉन्फिग सर्व्हर /ऑटोडिसकनेक्ट:-१

उणे एक म्हणजे कधीच सोडू नकोस. शून्य देऊ नका, त्याचा अर्थ उलटा होतो. आणि सर्व्हर विंडोज प्रो असेल तर हे करण्याआधी पायरी ८ वाचा.

७. सकाळची लाल फुली

"सगळे नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत" अशा अर्थाची सूचना सकाळी येत असेल, तर विंडोज लॉगिन करून ड्राइव्ह जोडायला धावतंय आणि नेटवर्क अजून उठलेलंच नाही. लॅपटॉप आणि यूएसबी-लॅन अॅडॅप्टरवर हे जास्त दिसतं.

आधी कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये "फास्ट स्टार्टअप" बंद करून पाहा. मग ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टीम, लॉगऑन या वाटेने जाऊन "ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क अॅट कॉम्प्युटर स्टार्टअप अँड लॉगऑन" चालू करा. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो. तिथे लॉगिननंतर अर्ध्या मिनिटाने ड्राइव्ह जोडणारी छोटी बॅच फाइल टास्क शेड्युलरमध्ये लावणं हा सरळ मार्ग.

डोमेन असलेल्या, म्हणजे सगळ्यांची खाती एका सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या, ऑफिसात ड्राइव्ह ग्रुप पॉलिसीने येत असतील तर अॅक्शन "रिप्लेस" आहे का बघा. रिप्लेस म्हणजे काढून पुन्हा लावणे, आणि पॉलिसी साधारण दर ९० ते १२० मिनिटांनी ताजी होते. काम चालू असताना ड्राइव्ह क्षणभर जातो तो यामुळे. "अपडेट" करा.

डोमेनवर आणखी एक: मशीनचं घड्याळ सर्व्हरपेक्षा पाच मिनिटांहून जास्त पुढे-मागे असेल तर कर्बेरॉस (डोमेनवर ओळख तपासणारी व्यवस्था) ओळख नाकारतो. जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की मेन स्विच बंद केल्यावर घड्याळ मागे जातं. सेल बदला.

८. पासवर्ड, आणि विसाची मर्यादा

पिंग ठीक, ड्राइव्ह बंद, असं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं "नेट यूज" द्या. जोडलेल्या शेअरची यादी आणि स्थिती दिसेल. मग ड्राइव्ह काढून हाताने पुन्हा जोडा:

नेट यूज झेड: /डिलीट
नेट यूज झेड: \\सर्व्हर\अकाउंट्स /पर्सिस्टंट:येस

एरर आली तर तिचा क्रमांक वहीत लिहा. तोच खरा धागा आहे.

- ५: पासवर्ड बरोबर, परवानगी नाही. शेअरिंग आणि सिक्युरिटी हे दोन्ही टॅब तपासा.
- ५३: सर्व्हरचा मार्ग सापडला नाही. नाव, पत्ता किंवा फायरवॉल.
- ६७: सर्व्हर आहे, त्या नावाचं शेअर नाही. स्पेलिंग बघा.
- ७१: सर्व्हरला एका वेळी जोडता येणाऱ्या उपकरणांची मर्यादा भरली.
- ८५: ते ड्राइव्हचं अक्षर आधीच वापरात आहे.
- ८६: पासवर्ड चुकीचा.
- १२१९: याच सर्व्हरला दुसऱ्या युजर नावाने आधीच जोडलेलं आहे. सगळ्या जोडण्या काढून एकाच नावाने जोडा.

८६ आली तर कंट्रोल पॅनेलमधला क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, "विंडोज क्रेडेन्शियल्स"मध्ये सर्व्हरच्या नावाची आणि पत्त्याचीही नोंद पुसा, मग नव्याने जोडा. पासवर्ड बदलल्यावर जुना पासवर्ड इथे बसून राहतो. डोमेनवर तो पुन्हा पुन्हा चुकीचा पाठवून अख्खं खातं लॉक करून टाकतो.

इथे तीन सापळे आहेत. लॉगिनचा पिन नेटवर्कवर चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. सर्व्हरवर पासवर्ड नसलेलं खातं केलं असेल तर विंडोज त्याला नेटवर्कवरून आत घेत नाही. आणि सर्व्हरवर ऑफिससाठी वेगळं खातं करताना "पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स" ही खूण राहून गेली, तर मूळ सेटिंगनुसार ४२ दिवसांनी पासवर्डची मुदत संपते. सगळं छान चाललेलं असताना दीड महिन्याने एकदम सगळ्यांचा ड्राइव्ह जातो आणि कुणालाच काही बदलल्याचं आठवत नाही.

७१ ही एरर वाढत्या ऑफिसची. विंडोज १० किंवा ११ प्रो असलेल्या साध्या मशीनला एका वेळी जास्तीत जास्त २० उपकरणं जोडता येतात. "आमच्याकडे पंधराच जण आहेत" हा हिशेब चुकतो, कारण शेअर फोल्डरमध्ये स्कॅन टाकणारं झेरॉक्स मशीन आणि साहेबांचा दुसरा लॅपटॉपही मोजला जातो. पायरी ६ मधलं उणे एक दिलं असेल तर रिकाम्या बसलेल्या जोडण्याही सुटत नाहीत आणि मर्यादा लवकर भरते. सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, सेशन्स इथे कोण जोडलेलं आहे ते दिसतं. नको असलेली जोडणी तिथूनच बंद करा, पण आधी "ओपन फाइल्स"मध्ये तिच्याकडे फाइल उघडी नाही ना ते पाहा. वीसच्या जवळ पोहोचला असाल तर विंडोज सर्व्हर किंवा एनएएस (थेट नेटवर्कला जोडायची साठवणपेटी) घ्या. रजिस्ट्रीतून ही मर्यादा वाढवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

९. अपडेटनंतर ड्राइव्ह कायमचाच गेला

आधी सर्वात साधं: सर्व्हरवर नेटवर्क प्रोफाइल "पब्लिक" झालं आहे का? राउटर बदलल्यावरही असं होतं आणि फायरवॉल शेअरिंग बंद करतं. "प्रायव्हेट" करा.

नंतर जुनी उपकरणं. एसएमबी १ ही शेअरिंगची जुनी पद्धत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय खंडणी-व्हायरस तिच्यातल्याच त्रुटीतून पसरला, आणि त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १० नव्याने टाकताना ती सोबत येत नाही. जुना एनएएस किंवा एक्सपीवरचं मशीन म्हणूनच नव्या कॉम्प्युटरला दिसत नाही. एसएमबी १ पुन्हा चालू करा असा सल्ला सगळीकडे मिळेल. करू नका. एनएएसच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ चालू करता येतं का ते बघा, नसेल तर उपकरण बदला.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने, म्हणजे २०२४ च्या मोठ्या अपडेटने, आणखी दोन दारं बंद केली. प्रो आवृत्तीत आता प्रत्येक जोडणीला एसएमबी सायनिंग (पाठवलेल्या माहितीवर डिजिटल सही) लागतं, आणि पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून आत शिरणं बंद झालं. "सगळ्यांना उघडा" ठेवलेला एनएएस याच्यामुळे बंद पडतो. एनएएसचं फर्मवेअर अपडेट करा, त्यावर प्रत्येकासाठी युजर आणि पासवर्ड तयार करा आणि त्या नावाने ड्राइव्ह जोडा. अर्ध्या तासाचं काम आहे.

"रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर" करून उघडलेल्या सॉफ्टवेअरला झेड ड्राइव्ह दिसत नाही ही तक्रार वेगळी. तिथे काही तुटलेलं नसतं. विंडोज अॅडमिनचं सत्र वेगळं धरतं. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी \\सर्व्हर\अकाउंट्स असा पूर्ण मार्ग द्या.

१०. तरीही सापडलं नाही तर

इव्हेंट व्ह्यूअर उघडा. अॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्स, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एसएमबीक्लायंट, कनेक्टिव्हिटी. ३०८०४ म्हणजे नेटवर्क जोडणी तुटली, ३०८०७ म्हणजे शेअरची जोडणी गेली, ३०८०८ म्हणजे ती परत आली. प्रत्येकासमोर सेकंदासह वेळ असते. पिंग घड्याळाची वेळ छापत नाही, ती कमतरता इथे भरून निघते. तुमच्या वहीतल्या वेळा या नोंदींशी जुळवा आणि त्याच क्षणी सर्व्हरच्या "सिस्टीम" लॉगमध्ये काय झालं होतं ते पाहा: स्लीप, लॅन कार्डाची लिंक जाणं, अपडेटचा रिस्टार्ट.

बाहेरच्या माणसाला बोलवायचं ठरलं तर त्याला फोनवर तीन गोष्टी सांगा: किती मशीनचा ड्राइव्ह एकदम जातो, त्या वेळी राउटरचा आणि सर्व्हरचा पिंग चालू होता का, आणि नेट यूजने कोणता एरर क्रमांक दिला. यावर तो "येऊन फॉरमॅट मारतो" म्हणाला तर दुसरा माणूस शोधा.